कर्जाचा विमा आणि नष्ट झालेले दप्तर

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात धाराशिव येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी आपण विद्वानांची भाषणे ऐकतो. कोणी शिक्षणावर बोलतात, कोणी विवाहातील खर्चावर, कोणी तरुणांच्या उद्योगधंद्यावर. मी विद्वान नव्हे. चिटणिसांनी मला बोलण्याचा आग्रह केला तो माझ्या विद्वत्तेमुळे नसून, आमच्या घरात घडलेली एक गोष्ट त्यांच्या कानावर गेली म्हणून. ती चार घरांच्या उपयोगी पडावी अशी त्यांची इच्छा. घरची गोष्ट चव्हाट्यावर आणू नये असे आपण म्हणतो. परंतु ज्या गोष्टीने आमचे घर फुटण्याच्या बेतास आले होते ती दडवून ठेवली, तर उद्या दुसऱ्याचे घर त्याच ठिकाणी ठेचाळेल. यास्तव मी वहिनींची परवानगी घेऊनच आपल्यापुढे उभा आहे.

माझे थोरले बंधू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. सन २०१० मध्ये त्यांनी घर बांधण्यासाठी १५ वर्षांच्या मुदतीचे ६,००,००० रुपयांचे कर्ज काढले. कर्ज कोणाकडून काढले ते नाव मी सांगणार नाही. त्याची गरजही नाही. कर्ज मंजूर झाले त्या दिवशी बंधू पेढे घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "कर्जाचा विमा उतरला आहे. मला काही झाले तरी घर मोकळे होईल, तुम्हां कोणावर बोजा पडणार नाही." हे वाक्य त्यांनी घरातल्या सगळ्यांना सांगितले होते. त्या भरवशावर ते नऊ वर्षे निश्चिंत राहिले.

सन २०१९ मध्ये ते एकाएकी गेले. कर्जाची बाकी सुमारे साडेतीन लाख रुपये होती. दिवसकार्य आटोपले, महिने गेले, पण विम्याचे नाव निघेना. वहिनींनी उपदानाच्या रकमेतून कर्ज फेडले, बेबाकीचा दाखला घेतला आणि घर मोकळे केले. येथे मला लज्जेने कबूल केले पाहिजे की, माझ्या मनात पाप आले. मला वाटले, विम्याची रक्कम वहिनींना मिळाली असावी आणि त्यांनी ती माहेरी ठेवून आमच्यापुढे कर्ज फेडल्याचा देखावा केला असावा. वहिनींना वाटले, कर्जाच्या वेळी कागदपत्रांची धावपळ मीच केली होती, तेव्हा विम्याचे काय झाले हे मलाच ठाऊक असावे आणि मी ते लपवीत असावा. दोन दिवाळ्या आम्ही एकमेकांच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. भाऊबीजेला मुले इकडून तिकडे जाईनात. आमच्या वृद्ध आत्याबाई एकदा म्हणाल्या, "अरे, मेलेल्या माणसाला तरी खोटे पाडू नका." ते शब्द मला झोंबले.

सन २०२३ च्या पाडव्याला वहिनी आपल्या मुलाबरोबर एक पत्र्याची पेटी घेऊन माझ्या दारी आल्या. पेटी माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "भावजी, यात काय आहे ते एकदा तुम्हीच बघा. मला इंग्रजी वाचता येत नाही. तुमच्या दादांनी काही लपवले असेल तर तेही कळू द्या." त्या दिवसापासून शोधाला आरंभ झाला.

प्रथम आम्ही कर्ज देणाऱ्या संस्थेकडे गेलो. तेथील अधिकारी सौजन्याने वागले, परंतु उत्तर एकच: "खाते बंद झाले, तारण कागद परत दिले. विम्याचा अर्ज वगैरे जुने दप्तर नियमाप्रमाणे नष्ट केले आहे. आता काही सांगता येणार नाही." बहुतेक माणसे अशा उत्तराने परत फिरतात. आम्हीही फिरलो होतो. परंतु पेटीतील दोन कागदांनी आम्हांस थांबविले.

एक होते बंधूंचे बचत खात्याचे पासबुक. त्यात कर्जाचे दोन हप्ते जमा झालेले दिसत होते, प्रत्येकी ३,००,००० रुपयांचे. दुसरा कागद होता कर्जावरील व्याजाचा दाखला. प्राप्तिकरात सवलत मिळावी म्हणून शिक्षकांना असा दाखला दरवर्षी कार्यालयात द्यावा लागतो. त्याची एक प्रत त्यांनी ठेवली होती. तिच्यावर कर्जाची मूळ रक्कम छापलेली होती ६,२४,००० रुपये. हाती आले सहा लाख, आणि व्याज लागत होते सव्वासहा लाखांच्या आसपास! वरचे २४,००० रुपये कोठे गेले? शाळेच्या दप्तरात मागील वर्षांचेही दाखले मिळाले. त्यांपैकी पहिल्या वर्षाच्या दाखल्याला खातेउतारा जोडलेला होता, आणि कर्जाच्या पहिल्याच दिवशी त्यात 'विमा' म्हणून २४,००० रुपये नावे टाकलेले होते. शेजारी विमा कंपनीच्या नावाची आद्याक्षरे होती.

मग आम्ही कर्ज देणाऱ्याचा नाद सोडून विमा कंपनीला लिहिले. कर्ज खात्याचा क्रमांक, बंधूंचे नाव, जन्मतारीख आणि मृत्यूचा दाखला एवढे जोडले आणि विम्याच्या प्रमाणपत्राची व प्रस्ताव अर्जाची प्रत मागितली. पहिल्या पत्राला उत्तर आले नाही, दुसऱ्याला आले. कंपनीकडे अर्जाचे छायाचित्र शिल्लक होते. ते हाती पडले तेव्हा वहिनी आणि मी शेजारी शेजारी बसून वाचले.

विम्याची मुदत होती पाच वर्षे! कर्ज पंधरा वर्षांचे, विमा पाच वर्षांचा. तो सन २०१५ मध्येच संपला होता. बंधू गेले त्यापूर्वी चार वर्षे. अर्जात त्यांचा व्यवसाय लिहिला होता 'किराणा दुकान'. ज्या माणसाने जन्मभर खडू हातात धरला त्याला कोणी दुकानदार केले? आणि वारस म्हणून नाव होते आमच्या मातोश्रींचे, ज्या २००४ सालीच निवर्तल्या होत्या. ते नाव बहुधा एखाद्या जुन्या शिधापत्रिकेवरून उचलले असावे. सही बंधूंचीच होती; परंतु सहीच्या वरचा मजकूर त्यांना कोणी विचारला नव्हता हे उघड झाले. पन्नास कागदांवर सह्या घेताना त्यांतलाच तो एक कागद होता.

वहिनी काही वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "म्हणजे त्यांना माहीतच नव्हते." आणि मग आम्ही दोघेही रडलो. मित्रहो, विमा कोणी लपविला नव्हता, तो नव्हताच. बंधूंनी खोटे सांगितले नव्हते, वहिनींनी पैसे लाटले नव्हते, मीही काही दडविले नव्हते. ज्याचा दोष होता तो आमच्या घरात नव्हता, आणि आम्ही मात्र चार वर्षे तो एकमेकांच्या घरात शोधत होतो.

आता आपण आपल्या घरच्या गोष्टीतून बाहेर पडून हा प्रकार काय आहे ते पाहू.

कर्जाचा विमा ही मुळात वाईट वस्तू नव्हे. कर्ता माणूस गेला तर उरलेले कर्ज विमा कंपनी फेडते आणि राहते घर वाचते. अशा विम्याने तरलेली कुटुंबे या सभागृहातही असतील. दोष विम्यात नसून तो गळ्यात बांधण्याच्या रीतीत आहे. कर्ज मागणारा गरजू असतो. त्याला 'विमा घेतल्याशिवाय कर्ज नाही' असे तोंडी सांगितले जाते, किंवा काहीच सांगितले जात नाही. पूर्ण मुदतीचा हप्ता एकदम कापला जातो आणि तो कर्जातच मिळविला जातो, म्हणजे विम्याच्या हप्त्यावरही वर्षानुवर्षे व्याज चालते. कोठे विम्याची मुदत कर्जाहून तोकडी असते. कोठे कर्जदाराचे वय असे असते की दावा केला तरी मिळू नये. आणि विमा विकण्याबद्दल विकणाऱ्याला दलाली मिळते ती वेगळीच.

आमच्यासारखीच एक हकीकत सातासमुद्रापार इंग्लंडात घडली. तेथे एका विधवा अध्यापिकेने, श्रीमती प्लेव्हिन यांनी, सन २००६ मध्ये ३४,००० पौंडांचे कर्ज दहा वर्षांसाठी घेतले. त्यात ५,७८० पौंडांचा विमा घातला गेला, आणि त्याची मुदत होती पाच वर्षे. पुढे न्यायालयात उघड झाले की, त्या हप्त्यातील ७१.८ टक्के रक्कम दलालीतच गेली होती. सन २०१४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, एवढी दलाली कर्जदारापासून लपवून ठेवणे हा अन्याय्य व्यवहार होय. त्या देशात असा विमा लक्षावधी लोकांना विकला गेला होता. तक्रार करण्यासाठी २९ ऑगस्ट २०१९ ही शेवटची तारीख ठरविण्यात आली, आणि एकूण ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम लोकांना परत करावी लागली. तेथेही 'जुने दप्तर आता आमच्याकडे नाही' हे उत्तर असंख्य लोकांना मिळाले. ज्यांच्या घरी एखादा जुना खातेउतारा निघाला त्यांचे काम सोपे झाले. ज्यांच्याकडे काहीच निघाले नाही त्यांचे काम अवघड झाले. इंग्लंडातील अध्यापिका काय किंवा आमचे गुरुजी काय, कागदाची किंमत सर्वत्र सारखीच.

'दप्तर नियमाप्रमाणे नष्ट केले' या उत्तराचा आता थोडा विचार करू. आपल्या देशात बँकांनी कोणते दप्तर किती काळ जपावे यासाठी १९८५ सालचे नियम आहेत. काही कागद निदान पाच वर्षे आणि काही निदान आठ वर्षे ठेवावेत असे त्यांत सांगितले आहे. येथे 'निदान' हा शब्द ध्यानात घ्यावा. नियम जपण्याचा आहे; मुदत संपताच जाळून टाकण्याची सक्ती तो करीत नाही. तेव्हा 'नियमाने नष्ट करावे लागले' असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे विचारावे: कोणता कागद, कोणत्या तारखेला, कोणाच्या आदेशाने नष्ट झाला, ते लेखी द्या. असे लेखी उत्तर हाही एक पुरावा आहे. आणि पुष्कळदा असे होते की, लेखी मागितल्यावर 'नष्ट झालेला' कागद कोठल्या तरी कपाटात सापडतो.

समजा, तो खरोखरच नष्ट झाला. तरीही बाजू संपत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात, आणि त्याच्या जागी जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, मूळ कागद हरवला वा नष्ट झाला असेल तर दुय्यम पुरावा देता येतो. एखादा कागद ज्याच्या ताब्यात आहे आणि जो तो दाखवू शकतो, तरी दाखवीत नाही, तर तो कागद त्याच्या विरुद्ध जाणारा असावा असे अनुमान न्यायालय करू शकते. मात्र मी खोटी आशा दाखविणार नाही. ज्याने मुदत उलटल्यावर रीतसर दप्तर काढून टाकले त्याच्यावर केवळ तेवढ्याने दोष येत नाही. म्हणून आपला भर त्याच्या दप्तरावर नसावा. आपला भर इतर दप्तरांवर असावा.

कारण, बंधुभगिनींनो, कोणताही पैशाचा व्यवहार एकाच वहीत राहत नाही. तो चार-पाच वह्यांत उमटतो, आणि त्या सगळ्या एकाच माणसाच्या हाती नसतात. गहाणखत नोंदविले असेल तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्याची नोंद असते. शेतजमीन तारण असेल तर सात-बाराच्या 'इतर हक्क' या रकान्यात बोजा चढलेला असतो आणि तलाठ्याकडे त्याचा फेरफार असतो. रक्कम ज्या बचत खात्यात आली त्या बँकेकडे तिची नोंद असते. नोकरदाराने करासाठी दिलेले दाखले त्याच्या कार्यालयात असतात, व्यापाऱ्याचे हिशेब त्याच्या कर-सल्लागाराकडे असतात. कर्जाच्या इतिहासाची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या आहेत, ज्याला लोक 'सिबिल' म्हणून ओळखतात. आणि सर्वांत महत्त्वाची वही विमा कंपनीची. कर्ज देणारा आणि विमा उतरविणारा हे दोन वेगळे घटक आहेत ही गोष्ट आपण विसरतो. एकाचे दप्तर गेले म्हणून दुसऱ्याचे जात नाही.

याचा अनुभव आपल्या जिल्ह्याने मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. पीकविमा आपल्याला नवा नाही. सन २०१६ च्या पंतप्रधान पीकविमा योजनेत पीककर्ज घेणाऱ्याला विमा सक्तीचा होता आणि त्याचा हप्ता कर्जखात्यातूनच वळता होत असे. ती सक्ती २०२० च्या खरिपापासून उठली. त्याच वर्षी ऑक्टोबरात अतिवृष्टी झाली आणि काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले. शेतकरी विमा मागू लागले तेव्हा असंख्य जणांना उत्तर मिळाले की, नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत आमच्याकडे नोंदविलेली नाही. म्हणजे पुन्हा तेच: 'आमच्या दप्तरात नाही.' प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. शेतकऱ्यांच्या बाजूचा मोठा आधार होता तो महसूल व कृषी खात्यांनी बांधावर जाऊन केलेल्या पंचनाम्यांचा. मे २०२२ मध्ये न्यायालयाने बजाज अलायन्झ या विमा कंपनीला जिल्ह्यातील सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. तेथे तिला २०० कोटी रुपये भरण्यास सांगण्यात आले. या प्रकरणातून मी एकच गोष्ट उचलतो. कंपनीच्या वहीत जे नव्हते ते तलाठ्याच्या पंचनाम्यात होते, आणि त्या पंचनाम्याने काम केले.

वयोवृद्ध मंडळींना सावकारी पाश आठवत असतील. सन १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे पेटवून दिले, आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरले. त्या काळी कर्जदाराला वाटे की, दप्तर जळाले म्हणजे आपण सुटलो. कारण दप्तर सावकाराचे, अक्षर सावकाराचे आणि आकडाही सावकाराचा. त्यानंतर १८७९ मध्ये इंग्रज सरकारने दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात शेतकऱ्याला भरलेल्या रकमेची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि खात्याची वही मागण्याचा हक्क दिला. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या अमलाखाली असल्याने तो कायदा आपल्याकडे नव्हता, परंतु त्यातील तत्त्व आजही खरे आहे. कर्जदाराचे संरक्षण दप्तर जाळण्यात नसते. दप्तराची एक प्रत कर्जदाराच्या घरी असण्यात असते. आज काळ उलटा आला आहे. आज दप्तर नाहीसे होते ते सावकाराच्या बाजूने, आणि त्याने सुटतो कर्जदार नव्हे.

आता तक्रारीचा मार्ग थोडक्यात सांगतो. आम्ही तो चाललेलो आहोत.

प्रथम कर्ज देणाऱ्या संस्थेला आणि विमा कंपनीला, दोघांनाही, स्वतंत्र लेखी अर्ज करावा. तोंडी बोलण्यावर विसंबू नये. अर्जाची पोच घ्यावी, किंवा पोच मिळेल अशा टपालाने पाठवावा. अर्जात राग नसावा, तारखा आणि रकमा असाव्यात. आमचा पहिला अर्ज चार पानांचा होता आणि त्यात तीन पाने संताप होता. कोणी वाचला नाही. दुसरा एका पानाचा होता. त्यात लिहिले होते: कर्ज अमुक, हाती अमुक, फरक अमुक, विमा पाच वर्षांचा, अर्जातील व्यवसाय व वारस चुकीचे, संमती घेतलेली नाही, तरी हप्ता व त्यावर आकारलेले व्याज परत द्यावे.

एक महिन्यात समाधान झाले नाही तर विमा कंपनीविरुद्ध विमा लोकपालाकडे जाता येते. त्याचे कार्यालय आपल्यासाठी पुणे येथे आहे. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत गेले पाहिजे. बँक वा वित्तसंस्थेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. ही एकत्रित योजना नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. तिसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. तेथे २०१९ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांची मुदत आहे. उशिरास सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो. मुदतीचा प्रश्न आमच्याही वाटेत आला. आम्ही लिहिले की, फसगत झाल्याचे आम्हांस २०२३ मध्ये अर्जाची प्रत पाहिल्यावरच प्रथम कळले. त्यापूर्वी कळण्याचा मार्गच नव्हता. हे आम्ही तारखांनिशी दाखवू शकलो, म्हणून टिकले. म्हणून सांगतो, कळल्या दिवसापासून एक दिवसही वाया घालवू नये.

लोकपालाकडे आमची तक्रार दाखल झाल्यावर, सुनावणीपूर्वीच तडजोडीचे पत्र आले. हप्त्याचे २४,००० आणि व्याजापोटी काही, मिळून ४३,००० रुपये २०२४ मध्ये वहिनींच्या खात्यात जमा झाले. साडेतीन लाखांचे कर्ज त्यातून भरून निघाले नाही, हे मी लपवीत नाही. जो विमा नव्हताच त्याची रक्कम कोणी देत नाही. जो हप्ता अन्यायाने घेतला तो परत मिळतो.

परंतु याच शोधात आमच्या एका व्याह्यांच्या घरी उलटा प्रकार सापडला, तोही सांगतो. त्यांनी कर्ज मुदतीपूर्वी फेडले होते, पण एकरकमी हप्ता भरलेला विमा पुढेही चालू होता, आणि ते त्यांना ठाऊक नव्हते. कर्ज आधी फिटले तर अशा पुष्कळ विम्यांत दोन वाटा असतात: उरलेल्या काळाचा परतावा घ्यावा, किंवा विमा तसाच चालू ठेवावा. म्हणून ज्यांनी कर्ज लवकर फेडले आहे त्यांनी आज घरी गेल्यावर पेटी उघडून पाहावे. जो माणूस गेला त्याच्या नावाचा विमा अजून जिवंत असेल.

नवीन कर्ज घेणाऱ्यांची स्थिती आता काहीशी बरी आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या आदेशाप्रमाणे, ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांत विम्यासारखी कापलेली रक्कम वेगळी दाखवावी लागते, ती कर्जाच्या एकूण वार्षिक खर्चात धरावी लागते आणि तिची पावतीही कर्जदाराला द्यावी लागते. आयुर्विम्याची पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत नको असल्यास परत करता येते. हे हक्क कागदावर आहेत; ते मागितले तरच आपले होतात.

आणि म्हणून शेवटी कागद जपण्याविषयी. आपल्या जिल्ह्याने ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिली आहे. किल्लारीच्या भूकंपात सास्तूर आणि आसपासच्या गावांत माणसे गेली तेथे कागदांचे काय घेऊन बसलात! परंतु जे वाचले त्यांना पुढे आपले घर, आपले खाते, आपले नातेसुद्धा कागदाने सिद्ध करावे लागले, आणि कागद ढिगाऱ्याखाली होते. म्हणून मंजुरीपत्र, पहिल्या वर्षाचा खातेउतारा, विम्याचे प्रमाणपत्र आणि बेबाकीचा दाखला, या चार कागदांची एक प्रत आपल्या घरी आणि एक प्रत बहिणीच्या वा मुलीच्या घरी असावी. बेबाकीचा दाखला मिळाला की बाकीचे फाडून टाकण्याची आपली सवय मोडली पाहिजे. आणि हे कागद कोठे आहेत ते घरच्या स्त्रीला ठाऊक असलेच पाहिजे. बंधूंनी पेटी जपली. परंतु पेटीत काय आहे ते वहिनींना कधी सांगितले नाही. आम्ही पुरुषमाणसे 'तुला काय कळते' म्हणून जे झाकून ठेवतो, तेच पुढे त्यांना एकटीने उघडावे लागते.

माझी मंडळाला एक नम्र सूचना आहे. आपल्या ज्ञातीत बँकेत नोकरी केलेले निवृत्त गृहस्थ आहेत, वकील आहेत, इंग्रजी उत्तम जाणणाऱ्या मुली आहेत. पुढील वर्षाच्या संमेलनात भोजनोत्तर दोन तास एक मेज मांडावे. ज्यांना शंका असेल त्यांनी आपले कर्जाचे कागद घेऊन यावे, आणि या मंडळींनी ते वाचून समजावून द्यावेत. त्याला खर्च नाही. वधूवर सूचीसाठी आपण जेवढे परिश्रम घेतो त्याचा दहावा हिस्सा यासाठी घेतला, तरी पुष्कळ घरांतील गैरसमज टळतील. त्या मेजावर बसण्यास मी स्वतः तयार आहे, आणि वहिनीही येणार आहेत. त्यांना अजून इंग्रजी येत नाही. परंतु कोणत्या कागदावर आकडा कोठे पाहावा हे त्यांना आता माझ्यापेक्षा चांगले कळते.

गेल्या भाऊबीजेला त्यांची मुले आमच्याकडे जेवायला होती. पेटी अजून माझ्याच घरी आहे; वहिनी म्हणाल्या, राहू द्या, येण्याला निमित्त होते.